माया धरून सव्वापाच

मास्तरांच्या गळ्यातली टेप गेली, हे आधी गल्लीला कळलं, मग घराला.

तीस वर्षं ती पिवळी टेप त्यांच्या गळ्यात होती. सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आधी ती गळ्यात पडायची आणि घरी बायकोने टोकल्याशिवाय निघायची नाही. मेहुण्याच्या लग्नातल्या फोटोत मास्तर स्वतः शिवलेला सूट घालून ताठ उभे आहेत, आणि कॉलरखालून टेपची पितळी पट्टी डोकावते आहे. असा माणूस एका सकाळी टेप खिशात घालून दुकानात आला. आठवड्याने ती खिशातून कात्रीच्या खणात गेली. आणि त्यानंतर दुकानाच्या काचेवर त्यांच्याच वळणदार अक्षरातला कागद लागला : 'मापाचा कपडा सोबत आणावा.'

"माप न घेणारा शिंपी!" शेजारचा न्हावी म्हणाला. "मग मीही उद्यापासून गिऱ्हाइकाला सांगतो, डोकं घरी ठेवा, फोटो पाठवा."

मास्तर हसले. हसणं जमत होतं. टेप गळ्यात घालणं तेवढं जमत नव्हतं.

झालं होतं ते असं. एका मंगळवारी दुपारी एक जाडजूड गृहस्थ आरशासमोर उभे होते आणि मास्तर त्यांच्या गळ्याचं माप घेत होते. टेप गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती, पण आवळल्यासारखं झालं ते मास्तरांना. छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या. आरशातलं दुकान लांब गेलं, जणू कोणी दुर्बीण उलटी धरली होती. आपण मरतोय, हे त्यांना इतकं स्पष्ट कळलं, की त्यांनी त्या गृहस्थांना आधी नीट सांगितलं, "साडेसोळा," आणि मगच खाली बसले.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हृदय घोड्यासारखं आहे तुमचं."

"मग घोड्याला झालं काय?" मावशी म्हणाल्या.

मावशी म्हणजे दुकानातल्या काज-बटणवाल्या मावशी. खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर बसून त्या बावीस वर्षं काजं करत आल्या होत्या, आणि मास्तरांना सगळ्यांदेखत झापायचा हक्क त्यांनी त्याच स्टुलावर बसून मिळवला होता. त्या दिवशी मास्तरांना रिक्षात घालून त्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. जाताना वाटेत त्या एकच गोष्ट बोलत राहिल्या, की मरायचंच असेल तर निदान त्या राखाडी पँटचं काय करायचं ते सांगून मरा.

घोड्याला पुढच्या महिन्याभरात आणखी चार वेळा तसंच झालं. चारही वेळा माप घेताना. मास्तर अगदी साध्या माणसासारखे वागले : जिथे भाजलं तिथे हात लावेनासे झाले. गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या कपड्यावरून नवा शिवू लागले. मशीन दाराजवळ सरकवलं, म्हणजे वेळ आली तर पटकन बाहेर पडता येईल. पायाशी पाण्याची बाटली आली. खिशात ओला रुमाल आला, आणि त्या रुमालामुळे प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली एक कायमचा डाग आला.

हे सगळं निभून गेलं असतं, पण लेक घरी येणार होती.

लेक दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून वकिलीचं शिकत होती. शाळेत असताना जेवणाच्या ताटावरून ती आईशी असा काही वाद घालायची, की एकदा मास्तर म्हणाले होते, "हिला काळा कोट लागणार. आणि तो मी शिवणार. माझ्या हाताने माप घेऊन." पोरीने ते शब्द तेव्हाच टिपून ठेवले. आता शेवटची परीक्षा झाली होती. दोन महिन्यांनी सनद हातात पडली, की ती घरी येऊन इथल्याच कोर्टात उभी राहणार होती. फोनवर तिने एवढंच विचारलं, "बाबा, कापड घेऊन ठेवलंय ना?"

कापड घेऊन ठेवलं होतं. वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून. त्या फळीकडे मास्तर हल्ली बघत नसत. लेकीच्या जुन्या कपड्यावरून कोट बेतता आला असता, पण तिचा अंगावर नीट बसणारा कोट आजवर झालाच नव्हता. आणि मुख्य म्हणजे, शब्द माप घेण्याचा होता.

डॉक्टरांनीच पुढे एक चिठ्ठी दिली. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात अशा झटक्यांवर संशोधन चाललं होतं आणि त्यांना माणसं हवी होती. बायको चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाली, "अहो, म्हणजे डोक्याचं आहे का?"

"डोक्याचं असतं तर बरं," मास्तर म्हणाले. "आपला डोक्याशी संबंध येत नाही. आपलं काम गळ्यापासून खाली."

विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. मास्तर जिन्याच्या कठड्याला धरून, दर सहा पायऱ्यांनी पाण्याचा घोट घेत वर गेले. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक गोल फिरणारी खुर्ची आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ. संशोधन करणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. पीएचडी चालली होती. कुर्त्याची डावी बाही उजवीपेक्षा पाव इंच लांब होती. मास्तरांना ते खुर्चीत बसायच्या आधीच दिसलं.

मॅडमनी समजावून सांगितलं. शरीरात धोक्याची घंटा असते. कधी कधी ती काही कारण नसताना वाजते. धडधड, मुंग्या, गरगरणं हे सगळं त्या घंटेचं. घाबरवतं खूप, पण तेवढ्याने माणूस मरत नाही.

मास्तरांनी जरा वेळ विचार केला. "म्हणजे बॉबिन भरण्यासारखं."

"म्हणजे?"

"मशीनवर बॉबिन भरायची असली की चाकाचा स्क्रू ढिला करायचा. मग पाय मारा, चाक भन्नाट फिरतं, आवाज तर असा की छप्पर उडेल. पण सुई जागची हलत नाही. एक टाकासुद्धा पडत नाही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे मी लिहून घेऊ?"

"घ्या की. पण मॅडम, कळलं म्हणून थांबत नाही हो ते."

"नाही थांबत," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर अभ्यास."

अभ्यास आठ आठवड्यांचा होता. झटक्यात जे जे होतं ते मुद्दाम, थोडं थोडं, स्वतःच घडवून आणायचं. निम्म्या लोकांनी आपापल्या आधाराच्या वस्तू जवळ ठेवायच्या, निम्म्यांनी खोलीबाहेर. कोणाला जास्त गुण येतो, हे बघायचं होतं. मास्तरांच्या नावाची चिठ्ठी 'बाहेर'वाल्यांत निघाली. दाराबाहेर त्यासाठी एक फळी होती. मास्तरांनी आपली बाटली आणि ओला रुमाल तिथे ठेवला, तेव्हा फळीवर आधीच तीन बाटल्या, गोळ्यांचं एक पाकीट, एक हातपंखा आणि कोणाचं तरी बायकोचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड होतं. जीव मुठीत धरून येणाऱ्यांच्या मुठीत काय काय असतं, ते तिथे ओळीने मांडलेलं होतं. मास्तरांना एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

आत मात्र हाल होते. नाक दाबून स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत बसून तीस सेकंद गरगरायचं. जिना पळत चढायचा आणि वर पोचल्यावर पाणी न पिता उभं राहायचं. गळ्याभोवती एक पट्टी बांधून बसायचं. पहिल्या दिवशी स्ट्रॉ तोंडात धरून, डोळे वटारून बसलेल्या मास्तरांना वाटलं, की आपल्याला मारायला इतका खटाटोप कोणी केला नव्हता.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय केलं तिथे?"

"खुर्चीत बसवून गरागरा फिरवलं."

"आणि?"

"आणि मग विचारलं, कसं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी बायकोने शेजारणीला सांगितलं, की विद्यापीठात चांगले उपचार चालू आहेत.

प्रत्येक प्रकारानंतर एक तक्ता भरायचा असे. भीती शून्य ते दहा. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. मास्तरांनी पहिल्याच रकान्यात लिहिलं : ११।.

"हे काय?"

"सव्वाअकरा."

"मास्तर, दहाच्या वर जायचं नाही."

"बरं," म्हणून मास्तरांनी ते खोडून दहा केलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर कापड कमी पडल्याची खंत होती. मॅडमना वाटलं, माणूस बराच घाबरला होता. त्या पुढे गेल्या. सव्वा-पाऊण मात्र त्यांना मास्तरांच्या हातून सोडवता आले नाहीत. साडेनऊ, पावणेनऊ, सव्वाआठ असे आकडे येत राहिले.

"पूर्ण आकडा चालेल हो," त्या म्हणाल्या.

"पूर्ण आकड्यात कोणाचंच शरीर बसत नाही, मॅडम."

आठवडे जात होते. मास्तर घरी रोज स्ट्रॉ ओढत. दुकानात, शटर अर्धं खाली घेऊन, स्टुलावर बसून स्वतःभोवती गरगरत. मावशी काजावरून नजर न काढता सेकंद मोजत : "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. उतरा आता, नाहीतर खाल्लेलं सगळं गिऱ्हाइकाच्या कापडावर काढाल." विभागातली गळ्याची पट्टी इतकी वाकडी शिवलेली होती, की मास्तरांनी ती घरी आणून उसवली आणि आतून मऊ अस्तर लावून परत दिली. मॅडमनी विचारलं, आता तिची भीती कमी वाटेल ना? मास्तर म्हणाले, भीती तेवढीच आहे, लाज कमी वाटते.

आणि हळूहळू काहीतरी बदललं. एके दिवशी घरून निघताना बाटली विसरली आणि ते अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं. मशीन दाराजवळून परत आपल्या जुन्या जागी गेलं, कारण दाराजवळ ऊन येतं. स्ट्रॉमधून श्वास घेताना धडधड व्हायची, पण मास्तर ती ऐकत बसायचे, बॉबिनच्या आवाजासारखी. जिना ते आता असे चढत, की खालचा शिपाई म्हणाला, "मास्तर, परीक्षा आहे का तुमची?"

लेक सनद घेऊन घरी आली ती सहाव्या आठवड्यात. आल्या आल्या दुकानात शिरली आणि आरशासमोर हात पसरून उभी राहिली. "घ्या माप. बरोबर सतरा दिवसांनी माझा पहिला दिवस आहे."

मास्तर खडूला धार करत होते. "घेऊ की. आधी जरा हातातलं संपवतो."

"बाबा, तुमच्या गळ्यात टेप का नाही?"

"उकडतं."

मावशींनी दोरा दाताने इतक्या जोरात तोडला, की लेकीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. मावशींनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

दुसऱ्याच दिवशी विभागात मॅडमनी तक्त्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. त्यांचा चेहरा नेहमीपेक्षा सावध होता. अभ्यासाचा एक नियम होता. सहाव्या आठवड्याच्या शेवटी ज्याचा आकडा पाचच्या खाली आला, त्याने शेवटचे दोन आठवडे आपल्या खऱ्या जागी, जिथे झटका येतो तिथे, सराव करायचा. ज्याचा आला नाही, त्याला अभ्यासातून मोकळं करून दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

"तुमचा सगळ्यात शेवटचा आकडा सव्वापाच आहे," त्या म्हणाल्या.

"पावच जास्त."

"हो. पण नियम नियम आहे. याचा अर्थ तुमचं काही चुकलं असा नाही, मास्तर. काहींना गोळ्या लागतात, त्यात कमीपणा नाही. मी स्वतः बोलेन तिकडच्या डॉक्टरांशी."

मास्तर मान डोलवत राहिले. गोळ्यांचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. इतके दिवस आपल्याला बरं वाटत होतं. आता कागद म्हणत होता, की नाही वाटत. कापडाबद्दल असा वाद झाला असता तर त्यांनी टेप काढून दाखवली असती. पण ही मापं त्यांनी स्वतःच घेतली होती. येताना त्यांनी तक्त्यांच्या प्रती मागून घेतल्या, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि जिना उतरण्याआधी फळीवरचा आपला ओला रुमाल उचलून घट्ट मुठीत धरला.

दुकानात लेक वाट बघत बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. बाजारात तयार कोट मिळतात. मी उद्या जाऊन बघते."

ती समजुतीने बोलली होती. रागावली असती तर परवडलं असतं. तयार कोट! शिंप्याच्या पोरीच्या खांद्यावर, खांद्याच्या अर्धा इंच खाली लोंबणारी बाही! मास्तर बोलले इतकंच, "उद्या सकाळी नको. संध्याकाळी जा."

ती गेल्यावर ते मशीनवर नुसते बसून राहिले. मावशींनी टेबलावरचे तक्ते ओढून घेतले आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"ही काय मापं आहेत?"

"भीतीची. रोजची."

मावशींनी एक कागद पाहिला, दुसरा पाहिला. दुकानाच्या मापाच्या वहीत मास्तर ज्या वळणाने आकडे लिहीत, त्याच वळणाने इथे लिहिले होते. बावीस वर्षं त्याच आकड्यांवरून त्यांनी बटणं लावली होती. त्यांनी सहज, रोज विचारावं तसं विचारलं, "अंगाची की कापायची?"

मास्तरांनी मान वर केली.

शिंप्याकडे प्रत्येक माणसाची दोन मापं असतात. एक अंगाचं, टेप सांगेल ते. दुसरं कापायचं. त्यात शिवणीसाठी, सैल बसण्यासाठी, उद्या माणूस सुटला तर कपडा सोडता यावा म्हणून जास्तीचं कापड धरलेलं असतं. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. मास्तर दोन इंच माया सोडत. तीस वर्षांत एकदाही त्यांनी अंगाच्या मापावर कात्री चालवली नव्हती.

"कापायची," ते हळूच म्हणाले.

"माया किती?"

"दोन."

"सगळ्यात?"

"सगळ्यात. अहो मावशी, कमी लिहिली आणि पुढे जास्त निघाली म्हणजे? कमी पडलेलं कापड काय ओढून लांब होतं?"

मावशींना हसू फुटलं. चष्मा काढावा लागला, डोळे पुसावे लागले, सुई कुठे पडली ती शोधावी लागली. "भीतीला माया सोडली!" त्या म्हणाल्या. "अहो मास्तर, माणूस सुटतो, म्हणून त्याला जागा ठेवायची. हिला कशाला सुटायला जागा देताय?"

मास्तरांनी खडू उचलला आणि टेबलावरच वजाबाकी केली. सव्वापाचातून दोन गेले. मग त्यांनी टेबलावरचा आकडा तळहाताने पुसला, आणि पुन्हा लिहून पाहिला. सव्वातीनच येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विभाग उघडायच्या आधीच, ते दारात उभे होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्या तक्त्यातला खोडलेला सव्वाअकरा काढून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या टेबलावर डोकं टेकून इतक्या हसल्या, की शेजारच्या खोलीतून त्यांचे सर डोकावले.

सरांनीही ऐकून घेतलं. ते हसले नाहीत, पण मिशी हलली. "लिहून झालेला आकडा आपल्याला बदलता येणार नाही," ते म्हणाले. "तो तसाच राहील, खाली टीप येईल. पण मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे. माप पुन्हा घ्या. नव्याने."

मग मास्तर पुन्हा खुर्चीत गरगरले. पुन्हा जिना पळत चढले. नाक दाबून स्ट्रॉ ओढली. स्वतःच अस्तर लावलेली पट्टी गळ्याभोवती घट्ट बांधून पाच मिनिटं घड्याळासमोर बसले. धडधड आली. मास्तरांनी तिला येऊ दिलं, आणि पहिल्यांदाच, एक इंचही जास्त न धरता भीतीचं माप घेतलं.

"किती?" मॅडमनी विचारलं.

माया न सोडता आकडा सांगायचा म्हणजे उघड्यावर उभं राहिल्यासारखं होतं. कमी पडला तर पडला.

"सव्वातीन."

"पूर्ण आकडा चालेल," मॅडम म्हणाल्या.

"सव्वातीन," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी इतर अकरा जणांनाही विचारलं, आणि त्यातल्या चौघांनी कबूल केलं की तेही थोडं वाढवून लिहीत होते. कोणी मॅडमनी नीट लक्ष द्यावं म्हणून, कोणी सवयीने. तेव्हापासून त्या तक्त्याच्या तळाशी एक ओळ छापलेली असते : 'आत्ता जेवढी वाटते तेवढीच लिहा. पुढचा विचार करून जास्त धरू नका.' मॅडमच्या प्रबंधात म्हणे या ओळीवर दोन पानं आहेत. त्यात मास्तरांचा उल्लेख 'सहभागी क्रमांक सात' असा आहे. 'शिंपी' असं लिहायला काय हरकत होती, हे मास्तरांचं म्हणणं आजही कायम आहे.

त्या दिवशी मात्र ते विभागातून तडक दुकानात आले. लेक बाजाराला निघायच्या तयारीत, पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. मास्तरांनी कात्रीचा खण उघडला. टेप वळकटी होऊन पडली होती. ती त्यांनी उलगडली, झटकली आणि गळ्यात घातली. पितळी पट्टी छातीला गार लागली.

"ठेव ती पिशवी," ते म्हणाले. "आणि ऐक. मला माप घेताना भीती वाटते. चार महिने झाले. एकदा वाटलं मरतोच. म्हणून टाळत होतो."

लेकीने पिशवी खाली ठेवली. "कशाची भीती?"

"भीती वाटण्याचीच."

"मग हे मला सांगायचं नाही का?"

"तू वकील. उलटतपासणी घेतली असतीस."

लेकीचे डोळे भरले होते आणि तिला हसूही येत होतं. ती मुकाट्याने आरशासमोर जाऊन ताठ उभी राहिली आणि टेप खांद्याला लागताच सगळे करतात तेच तिने केलं : श्वास रोखला. माप घेताना माणूस पोट आत घेतो आणि आपण जसे नाही तसे उभे राहतो. म्हणून मास्तर गिऱ्हाइकाला नेहमी बोलतं ठेवत. घरी कोण असतं, गाव कोणतं, काल काय खाल्लं. बोलणारा माणूस श्वास घेतो, आणि खरं माप तेव्हाच मिळतं.

"बोल काहीतरी," मास्तर म्हणाले.

"काय बोलू?"

"माझ्यावर खटला भर."

लेकीने घसा साफ केला. "न्यायाधीश महाराज, समोर उभ्या असलेल्या आरोपीने फिर्यादीला शाळेत असताना कोटाचा शब्द दिला..."

"शोल्डर साडेचौदा," मास्तर म्हणाले. खिडकीखाली मावशींनी मांडीवर मापाची वही उघडली.

"...आणि नंतर उकडतंय अशी खोटी साक्ष दिली. आरोपी घाम फुटेपर्यंत मान्य करत नाही..."

"बाही बावीस."

"...घाम आत्ता फुटला आहे, याची कोर्टाने नोंद घ्यावी."

फुटला होता. गळ्याशी टेप नेताना मास्तरांची बोटं थरथरली. आरसा थोडा लांब गेला. ती जुनी धडधड जिना चढून वर आली आणि दारात उभी राहिली. दाराकडे जायला चार पावलं होती, पाण्याची बाटली घरी होती, रुमाल कोरडा होता. मास्तर जागचे हलले नाहीत. चाक फिरतंय, ते मनात म्हणाले, फिरू दे. सुई हलत नाही.

"बाबा?" लेकीने विचारलं.

"थांबू नकोस. बोलत राहा."

ती बोलत राहिली. तिने कलमं लावली, मावशींना साक्षीदार केलं, मावशींनी साक्ष फिरवली आणि आपला पगारवाढीचा अर्ज मध्येच घुसडला. तिच्या गळ्याची शीर बोलण्याबरोबर टेपखाली हलत होती. मास्तरांनी श्वास सोडला, तिचा श्वास सुटायची वाट पाहिली आणि टेपवर अंगठा ठेवला.

"गळा तेरा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "भीती चार."

मावशींची पेन्सिल थांबली. "तीही लिहू?"

"लिहा."

"माया धरून?"

"अंगाची," मास्तर म्हणाले.

ती वही अजून दुकानात आहे. त्या पानावर गळा तेरा आणि छाती चौतीसच्या मध्ये मावशींच्या जाड अक्षरात तो चार आहे. छातीपुढे भीतीचा आकडा नाही, कारण तोवर मास्तर तिला विसरले होते.

कोट अकराव्या दिवशी तयार झाला. शिवणीत दोन इंच माया सोडलेली होती. तिथे ती हवीच होती. पोरगी पहिल्या दिवशी कोर्टात एक तारीख मागून आली आणि मोठा खटला जिंकल्यासारखी घरी शिरली. सगळे जेवायला बसले. बायकोने ताटं वाढली, मास्तरांकडे पाहिलं आणि वाढायचा चमचा हवेतच धरून म्हणाली,

"अहो, निदान जेवताना तरी ती टेप काढा गळ्यातली!"

मास्तरांनी गळ्याला हात लावून पाहिला. टेप तिथेच होती. ती कधी घातली, ते त्यांना आठवेना.